अगं आई, धुतलीस की काय!

ऐकलंत का? चांगली शिकलीसवरलेली माणसं पँट धुवेनाशी झालीत! तीही कुठली, तर ज्यांच्या घरात दोन बाथरूम आणि मोबाइलवरून चालू होणारं वॉशिंग मशीन आहे अशी. टँकरची वाट बघणारी नव्हेत. तीस हजार मोजून जीन्स आणायची, ती इतकी कडक की पहिल्या दिवशी खाली बसायचं तर मुहूर्त बघावा लागतो. मग सहा महिने तिला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. आणि ती पुरती विटली, गुडघ्यांवर पांढरी पडली, जांघेत विरली, की तिला जमिनीवर आडवी टाकून, स्वतः खुर्चीवर चढून, खिडकीच्या उजेडात तिचा फोटो काढायचा आणि जगाला दाखवायचा: बघा, हे मी केलं! अहो, विटलेली पँट म्हणजे बोहारणीचा माल, एवढं आपल्या आजीला शाळेत न जाता कळत होतं. आता बोहारीण स्टीलचं पातेलं घेऊन दाराशी आली तर हे लोक तिच्याच गाठोड्यात हात घालतील.

रॉ डेनिम म्हणतात या दुखण्याला. आपण आयुष्यभर दुकानातून आणली ती जीन्सच नव्हे, असं या मंडळींचं म्हणणं. ती कारखान्यातच मोठ्या ड्रममध्ये प्यूमिस दगडांबरोबर घोळवलेली असते, तिला एन्झाइमचं पाणी पाजलेलं असतं, मांड्यांवर लेझर फिरवलेला असतो. गिऱ्हाईकाच्या हातात पडते तेव्हाच ती पाच वर्षं वापरल्यासारखी दिसते. रॉवाल्यांना ही लबाडी खपत नाही. पाच वर्षं वापरल्यासारखी दिसायला हवी ना? मग वापरा पाच वर्षं! तत्त्व म्हणून बिनतोड आहे, नाही कोण म्हणतं? फक्त एवढंच, की पूर्वी जे काम कारखान्यातला मजूर पगार घेऊन करायचा, ते आता गिऱ्हाईक वर पैसे देऊन करतंय. आणि आनंदानं करतंय!

सगळी करामत त्या निळीची. सुताचे जाडजूड दोर वळायचे, निळीच्या हौदात बुडवायचे, बाहेर काढून वारा द्यायचा. पिवळट हिरवं निघालेलं सूत हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा वारा. इतकं करूनही नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसून राहते. आतलं सूत पांढरंच्या पांढरं. मग जिथं घासेल तिथली नीळ उडते आणि आतलं पांढरं डोकवायला लागतं. म्हणजे ज्या रंगाला आपण 'कच्चा' म्हणून दुकानदाराच्या तोंडावर फेकला असता, त्याच कच्चेपणाचे हे लोक जास्तीचे पैसे मोजतात! आणि ही उडालेली नीळ जाते कुठं? सासुरवाडीच्या क्रीम रंगाच्या सोफ्यावर, पांढऱ्या बुटांवर, नव्या गाडीच्या सीटवर. एका जावयाला तर म्हणे दिवाळसणाला वर्तमानपत्र अंथरून बसवला. बिचाऱ्याला वाटलं, मान दिला.

एक काळ होता, धुणं झालं की शेवटच्या पाण्यात आपण नीळ घालायचो. आता नीळ जाईल म्हणून धुणंच बंद! कुठल्या तोंडानं आईला सांगायचं हे?

सांगावं लागतंच पण कधीतरी. दादरच्या एका घरातला प्रसंग सध्या मोठ्या चवीनं सांगितला जातोय. मुलगा ऑफिसच्या कामानं चार दिवस बंगलोरला. दाराच्या मागं खुंटीला त्याची जीन्स. आठ महिने रोज अंगावर, रात्री तिथंच. आईनं बरेच दिवस बघितलं, नाकाला पदर लावला, सोसलं. शेवटी पोरगा नाही हे बघून तिनं ती उतरवली. हातात वजन लागलं तेव्हा तिला वाटलं, खिशात काही राहिलंय. काही नव्हतं. मग गरम पाणी, दोन चमचे पावडर, रात्रभर भिजत. सकाळी बाथरूमच्या फरशीवर पसरून कडक ब्रश. पाणी निळं, बादली निळी, आईचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. माउलीनं पाच पाण्यांतून काढली, पिळायला शेजारच्या काकूंना बोलावलं, आणि गॅलरीत ऐन उन्हात टाकली. पोरगा आला. बॅग खांद्यावरून खाली पडली.

"अगं आई, धुतलीस की काय!"

"मग काय पूजा करायची होती तिची? खुंटीवरून काढली तर उभी राहिली रे ती भिंतीला टेकून! मला वाटलं, तूच आलास."

पोरगा गॅलरीत जाऊन तिला कवटाळून उभा राहिला. मांडीवरच्या आठ महिन्यांच्या रेघांवर ब्रशचे आडवे ओरखडे. लांबीत दीड इंच कमी. आई मायेनं म्हणाली, "बघ, आता कशी छान मऊ झालीय." या वाक्यानंतर त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही असं कळतं. आणि बरं का, एवढं होऊनही किंमत त्यानं आईला सांगितली नाहीच. बाराशे, म्हणाला. सेलमध्ये. आता खरं सांगा, बाराशे रुपये न म्हणता जीन्स घरात आणलेला एक तरी बहाद्दर आहे का?

बरं, हे न धुण्याचं खूळ काही दादरात जन्मलेलं नाही. २०१४ मध्ये लेव्हाइजचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी भर व्यासपीठावर सांगून टाकलं की मी घातलेली ही जीन्स वर्षभर धुतलेली नाही. जीन्स विकणाऱ्या सर्वांत नावाजलेल्या कंपनीचा प्रमुख! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी खुर्च्या लांब सरकवल्या असत्या. इथं टाळ्या पडल्या. पुढे त्यांनी खुलासाही केला: करी सांडली तर तेवढाच डाग पुसायचा, आणि फारच घाण झाली तर जीन्स अंगात घालूनच शॉवरखाली उभं राहायचं. घ्या! म्हणजे आपल्याकडं रंगपंचमीला पोरं जे करतात, त्याला तिकडं वस्त्रनिगा म्हणतात.

त्याच्याही आधी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं तर कमाल केली. एकच जीन्स १५ महिने, धुतल्याशिवाय. जवळजवळ रोज. मग त्याच्याच विद्यापीठातल्या वस्त्रशास्त्राच्या प्राध्यापिकेनं तिच्यावरचे जंतू मोजले. नंतर ती धुतली, पठ्ठ्यानं पुन्हा १३ दिवस घातली, पुन्हा मोजले. २०११ मध्ये निकाल बाहेर आला: दोन्ही वेळचे आकडे जवळपास सारखेच! जे होते ते अंगावरचेच नेहमीचे जंतू, तब्येतीला धोका नाही. झालं, माकडाच्या हाती कोलीत! तेव्हापासून जो उठतो तो हा प्रयोग तोंडावर फेकतो. जंतूंचं ठीक आहे हो, वासाचं काय? त्यालाही उत्तर तयार आहे: जीन्स पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात, आणि पँट अंगावर चढून ऊब मिळाली की पुन्हा उठतात, हे शास्त्रज्ञ सांगून दमले. ऐकतंय कोण? मटारच्या आणि किसलेल्या नारळाच्या पिशव्यांमध्ये घडी घातलेली जीन्स! काही जण वोडका फवारतात. घरात कुणाला प्यायला थेंब मिळेना, पँट मात्र तर्र! आणि पॅरिसच्या ए. पी. सी. कंपनीचा सल्ला तर जगप्रसिद्ध: जीन्स मळली की ती घालूनच समुद्रात शिरा, मग कोरड्या वाळूनं घासा, पुन्हा समुद्रात जा. अलिबागच्या किनाऱ्यावर एखादा माणूस पँटसकट लाटांत लोळताना दिसला, तर जीवरक्षकाला हाक मारायच्या आधी त्याचा ब्रँड विचारा.

या सगळ्याला वरून नैतिक मुलामाही आहे बरं का. पाणी वाचतं म्हणे! लेव्हाइजनंच हिशेब काढलाय की एका ५०१ जीन्सच्या आयुष्यात, कापसाच्या शेतापासून शेवटपर्यंत, ३,७८१ लिटर पाणी लागतं. त्यातलं बरंचसं कापूस पितो हे सांगायचं मात्र ही मंडळी विसरतात. आळशाला तत्त्वज्ञान मिळालं की तो कुणाला आवरत नाही.

आता वजनाकडं वळू, कारण खरी मजा तिथं आहे. कापडाचं वजन चौरस यार्डाला किती औंस, असं मोजतात. आपण बाजारातून आणतो ती जीन्स दहा ते तेरा औंसांची. त्यानं आपलं आयुष्य बरं चाललं होतं. मग जपानच्या आयर्न हार्टनं मोटारसायकलवाल्यांसाठी २१ औंसांचं कापड काढलं. वेगात वाऱ्याला अडवणारं, पडलं तर कातडी वाचवणारं. समजू शकतो आपण. पण मोटारसायकलवाल्यांपाठोपाठ ती घेतली कुणी? दिवसभर एसीत बसून एक्सेलचे रकाने भरणाऱ्यांनी! तरी हे परवडलं. मॉन्ट्रियलच्या नेकेड अँड फेमसनं ३२ औंसांची काढली. हिशेब करा: एका चौरस यार्डाला ९०७ ग्रॅम! अंगापेक्षा बोंगा मोठा म्हणतात तो हाच. ही पँट घालून जिना चढणं हा व्यायाम, आणि उतरणं हे धाडस. बटणं लावायला अंगठ्यात जोर हवा; पहिल्या आठवड्यात नखं तुटल्याच्या कहाण्या अभिमानानं सांगतात. याच कंपनीनं अंधारात चमकणारी जीन्स आणि खरवडली की रासबेरीचा वास येणारी जीन्सही विकलीय, यावरून मंडळी कुठवर पोचलीत ते कळेल. मात्र ती रासबेरी सहा महिने न धुता कशी टिकते, हे कुणी बोलत नाही.

आणि हे थंड हवेच्या देशांत चालतं म्हणता? कसलं काय! या खेळातली खरी तालेवार पोरं आहेत इंडोनेशियातली. जकार्तातली. जिथं घाम वाळायला सवड मिळत नाही तिथं ही पोरं २१ औंस चढवून स्कूटरवर बसतात आणि जगातल्या भल्याभल्यांना मागं टाकतात. हो, स्पर्धा असतात याच्या! इंडिगो इन्व्हिटेशनल नावाची एक तर वर्षभर चालते. सगळ्यांनी कोरी जीन्स घेऊन एकदम सुरुवात करायची आणि वर्षानं परीक्षकांसमोर ठेवायची. मांडीवरच्या रेघा, गुडघ्यामागची जाळी, पोटरीखाली साचलेल्या चुण्या, बाहेरच्या शिवणीवर उमटलेली आगगाडीच्या रुळांसारखी जोडरेघ, खिशावर पाकिटाचा नाहीतर मोबाइलचा चौकोन: एकेकाला गुण. त्यासाठी काय काय करतात! मुद्दाम उकिडवे बसतात. सायकल काढतात. घालून झोपतात. मांडीवरच्या चुण्या धारदार पडाव्यात म्हणून काही जण ओल्या जीन्सला खळ करतात. खळ! आपल्या आजोबांच्या धोतराला घालायचे ती! तेव्हा परीटघडी मोडू नये म्हणून आजोबा दिवसभर ताठ बसायचे. नातू घडी मोडावी म्हणून उठाबशा काढतोय.

या पंथाची काशी जपानात आहे. ओकायामा प्रांतात कुराशिकी शहराचा कोजिमा नावाचा भाग. पूर्वी तिथं शाळेचे गणवेश शिवायचे. १९६५ मध्ये तिथल्याच मारुओ नावाच्या कारखान्यानं अमेरिकेतून कापड आणून जीन्स शिवली; पुढे तीच कंपनी बिग जॉन झाली. १९७३ मध्ये कुराबो गिरणीनं जपानी डेनिम विणलं, आणि मग काय, शिष्यानं गुरूला धडे द्यायला सुरुवात केली. आज कोजिमात जीन्सची आख्खी गल्ली आहे, डोक्यावर दोऱ्यांना जीन्स लटकतात. पर्यटकांना वाटतं सजावट. आपल्याला वाटेल चाळीतलं वाळवण. कुराशिकीत डेनिमच्या रंगाचा निळा बर्गर आणि निळा वाफवलेला पावही मिळतो. निळा पाव! मुंबईत बुरशी म्हणून परत केला असता.

जपान्यांच्या मागांबद्दल एक दंतकथा रॉवाल्यांच्या बैठकीत हमखास निघते. अमेरिकेनं आपले जुने धोट्याचे माग भंगारात काढले, चतुर जपान्यांनी ते उचलून नेले आणि त्यावर सोनं विणलं! सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो. यात तथ्य नाही. जपान्यांचे माग घरचेच होते, साकिची टोयोडांच्या कारखान्याचे. त्यांचा स्वयंचलित जी प्रकारचा माग १९२४ चा. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले, आणि टोयोडांच्या घराण्यानं पुढे मोटारी काढल्या त्या आज आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या आहेत. पण दंतकथेला कधी पुरावा लागतो? या मागांवर कापड अरुंद निघतं, जेमतेम तीस इंची, हळूहळू निघतं, आणि दोन्ही काठ मागावरच पक्के बांधलेले येतात. त्या काठात एक लाल दोरा. बस्स! त्या लाल दोऱ्यासाठी हा सगळा जीव टाकणं. पँट खालून दोनदा दुमडायची ती लांब झाली म्हणून नव्हे, तो लाल दोरा दिसावा म्हणून. आपल्याकडं पैठणीचा काठ बघून बायका किंमत सांगतात त्याला हसणारे हेच पुरुष आता लोकलमध्ये समोरच्याच्या घोट्याकडं टक लावून बसतात. चेहरा बघतच नाहीत. घोटा बघतात आणि नजरेनं नमस्कार करतात.

मोमोतारो नावाची एक कंपनी हातमागावर विणलेल्या कापडाची जीन्स करते. किंमत सुमारे दोन हजार डॉलर. हातमागाचं कापड महाग घेऊन अभिमानानं घालायचं, हे आपण कुठंतरी आधी ऐकलंय का? ऐकलंय खरं, पण त्या म्हाताऱ्यानं दोन हजार डॉलर मागितले नव्हते. आणि शुगर केन नावाची एक कंपनी कापडात उसाचा धागा मिसळते! उसाचा! कोल्हापूर-सांगलीकडं ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही, नाहीतर आत्तापर्यंत साखर कारखान्यांनी डिस्टिलरीच्या शेजारी पँटींचा प्लँट टाकला असता आणि अध्यक्षांनी गाळप हंगामाचा नारळ जीन्समध्ये फोडला असता.

तिकडं अमेरिकेत मात्र सुतकच पडलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोची कोन मिल्सची व्हाइट ओक गिरणी १९०५ पासून चाललेली. २०१७ च्या शेवटच्या दिवशी तिचे माग थांबले. उरलेल्या कापडावर लोक तुटून पडले. आपल्या गिरणगावात साठ गिरण्यांचे भोंगे बंद झाले तेव्हा त्यांच्या मांजरपाटाचा तागा जपून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मॉल झाले. त्याच मॉलमध्ये आता जीन्स घेतो आपण.

सगळ्यात सूक्ष्म वेड मात्र तळाशी आहे. पायाच्या खालच्या दुमडीला. ती साध्या मशीनवर शिवली तर पाप! ती शिवायची चेनस्टिचनं, म्हणजे साखळी टाक्यानं, युनियन स्पेशल ४३२००-जी या अमेरिकन मशीनवर, जी आता बनत नाही. का? तर त्या मशीनमध्ये एक खोड आहे. शिवताना कापड किंचित ओढलं जातं, दुमड पिळवटते आणि विटल्यावर तिथं दोराच्या पिळासारखी नक्षी उमटते. म्हणजे मशीनचा दोष! तुमच्या-माझ्या शिंप्यानं पायाची शिवण अशी पिरगाळली असती तर आपण पैसे कापले असते. हे लोक त्या दोषासाठी दुसऱ्या शहरात कुरियर करतात. कोपऱ्यावरच्या अल्टरवाल्या चाचांना एकानं विचारलं, तुमच्याकडं चेनस्टिच होईल का? चाचा म्हणाले, चेन तुटलीय का? बदलून देतो, साठ रुपये.

आणि बाजार काय हो, वेडाला वेडाच्या भावानंच तोलतो. मघाशी समुद्राचा सल्ला देणारी ती ए. पी. सी., तिच्याकडं तुमची घालून घालून विटलेली जीन्स परत नेली तर नवीवर निम्मी सूट मिळते. तुमची जुनी ते धुतात, रफू करतात, तिच्यावर तुमच्या नावाची आद्याक्षरं घालतात आणि दुसऱ्याला विकतात. दुसऱ्याच्या मांडीच्या रेघा, पैसे मोजून! ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत लिलाव झाला. १८८० च्या सुमाराची लेव्हाइज, जुन्या खाणीत सापडलेली, अंगावर मेणबत्तीच्या मेणाचे डाग. गेली ८७,४०० डॉलरना. त्या खाणकामगाराला हयातभर एवढे मिळाले असतील का? त्यानं ती तिथंच टाकून दिली होती, यातच सगळं आलं. कशात काय अन् फाटक्यात पाय!

आपल्याकडं म्हणाल तर डेनिमची उणीव नाही. यवतमाळला, पांढऱ्या सोन्याच्या मुलखात, रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. माल परदेशी जातो. कल्याणच्या पलीकडं उल्हासनगरनं कॅम्प नंबर पाचच्या गल्ल्यांतून कित्येक पिढ्यांना जीन्स घातली. मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी केलाय आणि घरी जाऊन तीच जीन्स घातलीय. तिथल्या धुलाई कारखान्यांच्या पाण्यानं वालधुनी नदी रंगली, हेही आपण सगळे बघत होतो. रॉवाल्यांचा एक मुद्दा तिथं मात्र खरा ठरतो, मान्य करायला जड जातं तरी. कारखान्यात मुद्दाम जुनी केलेली जीन्स कुणाच्या तरी नदीत किंवा कुणाच्या तरी छातीत उतरलेली असते. वाळूचा फवारा मारून जीन्स विटवणाऱ्या तुर्की कामगारांच्या फुफ्फुसांची इतकी दैना झाली की २००९ मध्ये तिथं त्या पद्धतीवर बंदी घालावी लागली. पण हे जरा गंभीर होतंय. आपण कुचाळक्या करायला बसलोय.

तर बाटलेल्यांकडं येऊ. कोण बाटत नाहीये ते विचारा! पुण्यातले एक दंतवैद्य, वय अठ्ठावन्न, पेशंटच्या तोंडात ड्रिल असताना स्वतःच्या गुडघ्याकडं बघतात. एक शाकाहारी, सोवळ्यातली मामी, तिच्या सुनेनं दिलेली जीन्स तिनं आधी चिमटीत धरली, मग एकदा चालायला जाताना घातली, आणि आता विचारते, "अगं, गुडघ्यामागं जाळी किती दिवसांत येते?" सोवळं आहेच, पण जीन्स त्यातून वगळलीय: तिला पाणी लावलं की विटाळ! न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आरतीला पितांबराच्या रांगेत दोघे १८ औंसांत उभे असतात. कुणी काही म्हणत नाही, कारण म्हणणाऱ्याचीही घरी मुरत घातलेली असते.

आणि जो बाटतो तो बोलायला लागतो! हेच तर खरं दुखणं. लोणचं मुरतं, पण निदान बरणीत गप्प बसून मुरतं. हे मुरताना दर रविवारी बातमीपत्र काढतात. आज डाव्या खिशाची कड उजळली. आज उजव्या गुडघ्याला पहिली फट. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख विसरलेला माणूस जीन्सच्या पहिल्या भिजवणीची तारीख, वार आणि पाण्याचं तापमान सांगतो. बायको म्हणाली, "माझ्याकडं बघून कधी म्हणालात का हो, काय सुरेख फेड झालीय?" या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. त्यानं दिलं. मग त्याला हॉलमध्ये झोपावं लागलं, पण जीन्स घालून झोपल्यामुळं ती रात्र वाया गेली नाही, असंही त्यानं वर सांगितलं.

आपण अर्थात यातले नाही. छे! आपली ती नुसती एक साधी जीन्स आहे, गडद निळी, जरा जाड. धुवत नाही ते वेळ मिळत नाही म्हणून. उलटी करून, थंड पाण्यात, वेगळ्या बादलीत, हातानं. तेही मशीनचं काही खरं नसतं म्हणून. पाय दोनदा दुमडतो ते उन्हाळ्यामुळं. दर काही दिवसांनी आरशाकडं पाठ करून, मान मोडेपर्यंत वळून बघतो ते मणक्याच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी सांगितलंय. आणि मोबाइलमध्ये एकाच गुडघ्याचे चाळीस फोटो आहेत ते चुकून निघालेत, खिशात बटण दाबलं जातं.

बाकी ते जाऊ द्या. तुमच्या ओळखीचं कुणी ओसाका-कोजिमाकडं जाणारं आहे का हो? एक आणायची होती. २१ औंस, कंबर चौतीस. आपल्याला नको हो, भाच्यासाठी हवीय. भाचा पाचवीत आहे, पण पोरं वाढतात पटापट.